काचेआडचे दव

मोटारसायकलच्या वेगमापकाची काच पावसाळ्यात आतून धुरकट होते, हा अनुभव दुचाकी वापरणाऱ्या बहुतेकांच्या परिचयाचा आहे. बाहेरून कितीही पुसले तरी ते धुके जात नाही. काटा अंधूक दिसतो, आकडे ओळखू येत नाहीत, आणि रात्री आतला दिवा लागला म्हणजे सबंध तबकडी दुधाळ प्रकाशाने भरून जाते. काही वेळाने, कधी काही दिवसांनी, हे धुके आपोआप नाहीसे होते व मालक त्याला विसरून जातो. पुढच्या पावसात ते पुन्हा येते.

या लहानशा गोष्टीकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या वृत्ती आढळतात. काही जण तिच्याकडे साफ दुर्लक्ष करतात. दुसरे काही इतके अस्वस्थ होतात की पेचकस घेऊन काचेभोवतीची कडी उचकटतात, किंवा दिसेल त्या फटीत चिकटद्रव्य भरून उपकरण हवाबंद करू पाहतात. दोन्ही मार्गांनी उपकरण निकामी होण्याचाच संभव अधिक असतो. हे धुके कशामुळे धरते, ते केव्हा निरुपद्रवी असते व केव्हा धोक्याची सूचना देते, आणि घरच्या घरी काय करावे व काय करू नये, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. हवामान प्रत्येक ठिकाणी वेगळे असल्याने विवेचनासाठी एक विशिष्ट ठिकाण समोर असणे सोयीचे होईल. त्यासाठी आपण बंगळूरमधील मल्लेश्वरम ही वस्ती निवडू.

एक वस्ती आणि तिचे हवामान

मल्लेश्वरम हे नाव मराठी वाचकाला अगदीच परके वाटू नये. येथील काडु मल्लेश्वर या देवस्थानाला शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी एक गाव इनाम दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख प्रसिद्ध आहे. कन्नड भाषेत 'काडु' म्हणजे रान. रानातला तो मल्लेश्वर. १८९८ मध्ये बंगळुरात प्लेगची साथ आली, तेव्हा दाटीवाटीच्या जुन्या पेठांतील लोकांसाठी या परिसरात सरळ, रुंद रस्त्यांची नवी वस्ती आखण्यात आली. रान गेले तरी झाडे मात्र राहिली. येथील एका मुख्य रस्त्याचे नाव संपिगे म्हणजे चाफा, तर दुसऱ्याचे मार्गोसा म्हणजे कडुनिंब. या रस्त्यांच्या कडेला व त्यांना छेदणाऱ्या क्रमांकित गल्ल्यांत दुचाक्या रात्रंदिवस उघड्यावर उभ्या असतात; काही झाडाखाली, काही मोकळ्या आकाशाखाली. या दोन जागांमधील फरकाला आपल्या विषयात महत्त्व आहे, ते पुढे दिसेल.

बंगळूर समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून थोडे अधिक उंचीवर आहे. त्यामुळे तेथे कोकणासारखा उकाडा नाही, की उत्तरेतील शहरांसारखी कडाक्याची थंडीही नाही. मात्र आपल्या दृष्टीने महत्त्वाच्या तीन परिस्थिती तेथे वर्षभरात क्रमाने येतात. एप्रिल-मे महिन्यांत दिवसा कडक ऊन पडते आणि दुपारनंतर एकाएकी वळवाची सर कोसळते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत हवा दमट असते व आकाश बहुधा ढगाळलेले असते. त्यातही सप्टेंबर व ऑक्टोबर हे भरपूर पावसाचे महिने होत. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असते आणि पहाटेचे तापमान १५-१६ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. या तिन्ही ऋतूंत काच धुरकट होऊ शकते. पण प्रत्येक वेळी कारण निराळे असते, आणि कारण निराळे म्हणून उपायही निराळा.

हवेतील अदृश्य पाणी

हवेत पाण्याची वाफ नेहमीच असते. ती डोळ्यांना दिसत नाही. हवा जितकी उष्ण, तितकी अधिक वाफ तिच्यात सामावू शकते. मात्र प्रत्येक तापमानाला या सामावण्याची एक मर्यादा ठरलेली आहे. एक घनमीटर हवा ३० अंश सेल्सिअसला सुमारे ३० ग्रॅम वाफ धारण करू शकते. २५ अंशांना ही मर्यादा २३ ग्रॅम, २० अंशांना १७ ग्रॅम आणि १५ अंशांना १३ ग्रॅमपेक्षा किंचित कमी होते. मर्यादेपर्यंत भरलेल्या हवेला संपृक्त हवा म्हणतात. अशी हवा आणखी थंड झाली की जादा वाफ पाण्याच्या रूपाने बाहेर पडते. या क्रियेला सांद्रीभवन असे नाव आहे, आणि ज्या तापमानाला ती सुरू होते त्याला दवबिंदू म्हणतात.

दवबिंदू शोधण्याची एक साधी रीत फ्रेंच संशोधक शार्ल ल र्‍वा याने १७५१ मध्ये मांडली. भांड्यातील पाणी हळूहळू थंड करीत जावयाचे आणि भांड्याच्या बाहेरील अंगावर पहिले दव ज्या तापमानाला दिसेल ते टिपावयाचे. हा प्रयोग कोणालाही घरी करता येतो. स्टीलच्या पेल्यात थोडे पाणी व एक तापमापक ठेवावा, बर्फाचे लहान तुकडे एकेक करून टाकावेत व पाणी ढवळीत राहावे. पेल्याची चकाकी ज्या क्षणी मंदावेल त्या क्षणी तापमापकात दिसणारा आकडा हा खोलीतील हवेचा दवबिंदू समजावा.

आता एक उदाहरण घेऊ. पावसाळ्यातील एखाद्या दुपारी हवेचे तापमान २८ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के आहे, म्हणजे सामावू शकणाऱ्या वाफेपैकी ६५ टक्के वाफ हवेत प्रत्यक्ष आहे. अशा हवेचा दवबिंदू सुमारे २१ अंश येतो. सायंकाळी सर येऊन वेगमापकाची काच २० अंशांपर्यंत थंड झाली, तर आतल्या हवेतील थोडी वाफ काचेच्या आतल्या अंगावर धरणे अपरिहार्य आहे. यात उपकरणाचा दोष नाही, की मालकाचाही नाही. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाणी सुटावे त्यातलाच हा प्रकार होय.

निरभ्र रात्रीचे दव

डिसेंबरात पाऊस नसतो, हवाही तुलनेने कोरडी असते. तरीही पहाटे दुचाकीच्या काचेवर, टाकीवर आणि बैठकीवर दव आढळते. याचे स्पष्टीकरण वैद्य विल्यम चार्ल्स वेल्स याने १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या दवावरील निबंधात सापडते. दव आकाशातून पडते असा त्या काळी सर्वसाधारण समज होता. वेल्सने निरनिराळ्या वस्तूंचे तापमान रात्री मोजून दाखवून दिले की, मोकळ्या आकाशाकडे तोंड असलेल्या वस्तू आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे गमावतात व भोवतालच्या हवेपेक्षाही अधिक थंड होतात. दव त्यांच्यावर पडत नाही. त्यांना स्पर्श करणाऱ्या हवेतूनच ते त्यांच्यावर जमते. वर ढग असतील तर ते उष्णता परत पाठवितात आणि दव कमी पडते.

वेगमापकाची काच तर जवळजवळ आकाशाकडेच तोंड करून असते. हवेचे तापमान १६ अंश असताना ती त्याहून दोन-तीन अंशांनी खाली जाऊ शकते, आणि तेवढे थंड होणे दव धरण्यास पुरेसे ठरते. झाडाखाली उभी असलेली गाडी या बाबतीत सुरक्षित असते, कारण पानांचे छत आकाशाचे काम करू लागते आणि ते आकाशाइतके थंड नसते. उलट पावसाळ्यात हीच सावली अडचणीची ठरते. पाऊस थांबल्यानंतर मोकळ्यावरची गाडी उन्हात तासाभरात वाळते, तर झाडाखालच्या गाडीवर पानांतून थेंब गळत राहतात व फटींमधील पाणी दुपारपर्यंत टिकते. म्हणून मल्लेश्वरमसारख्या सावलीच्या वस्तीत हिवाळ्यात झाडाखाली आणि पावसाळ्यात शक्य तर छपराखाली, तेही नसेल तर सकाळचे ऊन पोहोचेल अशा जागी गाडी उभी करणे श्रेयस्कर.

उपकरणाचा श्वासोच्छ्वास

येथवर आपण हवेचा विचार केला. आता उपकरणाकडे वळू. ज्याला दुचाकीस्वार नुसते 'मीटर' म्हणतात ते वेगमापक म्हणजे धातूचा किंवा प्लास्टिकचा एक डबा असतो. त्याच्या तोंडावर काच, काचेखाली रबराचे वळे आणि दोहोंना आवळून धरणारी धातूची कडी असते. मागच्या बाजूने चाकाकडून येणारी केबल किंवा विजेच्या तारा आत शिरतात. दिव्यांसाठी भोके असतात. काही उपकरणांत अंतराचे आकडे शून्यावर आणण्यासाठी एक खुंटी बाहेर काढलेली असते. एवढी दारे असलेला डबा पूर्णपणे हवाबंद असू शकत नाही, आणि तो तसा असावा अशी अपेक्षाही नसते.

उष्णतेने हवा प्रसरण पावते. मे महिन्याच्या उन्हात काळ्या तबकडीमागील हवा ५० अंशांपर्यंत तापली आहे असे समजू. डब्यात १५० घन सेंटिमीटर हवा मावत असेल, आणि वळवाच्या सरीने तो डबा एकाएकी २० अंशांवर आला, तर आतली हवा आकसून सुमारे १४ घन सेंटिमीटर जागा रिकामी होते. ही जागा भरून काढण्यासाठी बाहेरून काहीतरी आत ओढले जाणारच. फटीपाशी हवा असेल तर हवा जाईल. पण त्याच क्षणी तेथे पावसाच्या पाण्याची पातळ चादर असेल तर पाणी आत जाईल. डबा दिवसा श्वास सोडतो आणि रात्री किंवा पावसात श्वास घेतो, असे म्हणावयास हरकत नाही.

हा श्वास केवळ उष्णतेमुळेच घडतो असे नाही. बंगळूरहून शिराडी घाटाने मंगळूरला उतरणारा स्वार सुमारे ९०० मीटर खाली येतो. वातावरणाचा दाब तेवढ्या प्रवासात साधारण एकदशांशाने वाढतो, आणि डब्यात पुन्हा १५ घन सेंटिमीटरच्या आसपास हवा शिरते. ती असते किनारपट्टीची, वाफेने भरलेली. पुण्याहून ताम्हिणी घाटाने पावसाळ्यात कोकणात उतरणाऱ्यांनाही घाट संपता संपता काच धुरकट झाल्याचे आढळते, त्यामागे घाटातील पावसाइतकाच हा दाबातील फरकही असतो.

धुके आणि थेंब

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. कोणते धुके निरुपद्रवी आणि कोणते धोक्याचे? याचे उत्तर थोड्याशा हिशोबाने मिळते.

१५० घन सेंटिमीटर संपृक्त हवा २० अंशांवरून १५ अंशांवर आली, तर तिच्यातून अवघे ०.७ मिलिग्रॅम पाणी बाहेर पडते. हे पाणी इतके थोडे आहे की त्याचा थेंबही होणार नाही. परंतु ते सूक्ष्म तुषारांच्या रूपाने काचेवर पसरते व तुषार प्रकाश विखुरतात, म्हणून काच धूसर दिसते. गाडी सुरू होऊन उपकरणात थोडी ऊब आली की हे पाणी पुन्हा वाफ होते. असे पातळ, एकसारखे, थोड्याच वेळात विरणारे धुके हे हवेतील वाफेचे काम समजावे. त्यासाठी काहीही करण्याची आवश्यकता नाही.

याउलट पाण्याचा एक साधा थेंब सुमारे ५० मिलिग्रॅम वजनाचा असतो. २५ अंशांच्या संपृक्त हवेने तोच डबा भरला तरी त्यातील सगळी वाफ साडेतीन मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. तेव्हा काचेच्या खालच्या कडेशी थेंब साचलेले दिसले, ओघळ उतरलेले दिसले, किंवा तबकडीवर डाग पडले, तर ते पाणी एका रात्रीत हवेतून आलेले नाही हे निश्चित समजावे. ते पाणी म्हणूनच आत शिरले आहे. कोठेतरी वाट झाली आहे.

एकदा आत शिरलेला थेंब सहजासहजी बाहेरही पडत नाही. ५० अंशांना तापलेली संपृक्त हवा घनमीटरला सुमारे ८३ ग्रॅम वाफ धारण करते. रोज एकदा १४ घन सेंटिमीटर अशी हवा बाहेर पडली तरी तिच्याबरोबर सव्वा मिलिग्रॅमपेक्षा कमीच पाणी जाते, आणि परत येणारी हवा त्यातील काही भाग पुन्हा आत आणते. केवळ या श्वासोच्छ्वासावर विसंबले तर एका थेंबाला बाहेर पडण्यास महिना-दोन महिने लागतील. तोपर्यंत तो दररोज वाफ होतो, रोज थंड काचेवर जमतो आणि रोज उपकरणाच्या एखाद्या भागाला ओलावतो.

यावरून एक वरवर विचित्र वाटणारी गोष्टही उलगडते. काही गाड्यांच्या काचा रात्री स्वच्छ असतात आणि सकाळी ऊन पडल्यावर, किंवा दिवा लावून पावसात काही अंतर गेल्यावर, धुरकट होतात. उष्णतेने धुके जावयास हवे, ते येते कसे? तबकडीखाली पाणी साचलेले असेल तर आतला भाग प्रथम तापतो, पाण्याची वाफ होते, आणि वारा किंवा पाऊस यांनी थंड राहिलेल्या काचेवर ती जाऊन बसते. ऊब मिळाल्यावर वाढणारे धुके हे आत पाणी साचल्याचे भरवशाचे लक्षण मानावे.

उपेक्षेची किंमत

पारंपरिक वेगमापकाची रचना जर्मन अभियंता ओटो शुल्झे याने १९०२ मध्ये पेटंट घेतलेल्या कल्पनेवर आधारलेली आहे. चाकाशी जोडलेली लवचिक केबल एका लहान चुंबकाला फिरविते. चुंबकाला न टेकता त्याच्या लगत अ‍ॅल्युमिनियमची एक वाटी असते. फिरत्या चुंबकामुळे वाटीत विद्युत्प्रवाह निर्माण होतात व ती चुंबकामागे ओढली जाते. एक नाजूक कमान तिला मागे खेचते. या दोन ओढींच्या समतोलातून काट्याची जागा ठरते.

चुंबक आणि वाटी यांमधील फट अगदी बारीक असते. तेथे गंजाचा कण अडकला, आसाच्या टोकाशी गंज चढला किंवा तेथील वंगण पाण्याने बिघडले की काटा अडखळू लागतो, थरथरतो, वेग कमी झाला तरी वरच अडकून राहतो. आकड्यांच्या चाकांवरील रंग सुटतो, तबकडीचा कागद फुगतो. वेगमापक हे शोभेचे उपकरण नव्हे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ते वाहनावर असणे आवश्यक आहे. पावसाळी रात्री, रस्त्याचा नेहमीचा आवाज पावसात बुडालेला असताना, आपला वेग किती याचा अंदाज नुसत्या इंद्रियांनी फार चुकतो. ज्या हवेत काच धुरकट होते, नेमक्या त्याच हवेत काटा दिसण्याची गरज सर्वांत अधिक असते.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत आणखी एक विचार आहे. बंगळूरपासून फार दूर नसलेल्या म्हैसूर येथे १९६१ पासून जावा व पुढे येझदी या गाड्या तयार होत; तो कारखाना १९९६ मध्ये बंद झाला. त्या गाड्या आजही कर्नाटकात व महाराष्ट्रात हौसेने चालविल्या जातात. जुन्या जावाचे वेगमापक पुढच्या दिव्याच्या कवचातच बसविलेले असते, म्हणजे दिव्याच्या कवचात शिरलेल्या पाण्याची वाफ थेट त्याच्या पाठीशी जाते. मूळचे सुटे भाग दुर्मिळ झाले असल्याने अशा गाड्यांत थेंबाकडे केलेल्या दुर्लक्षाची भरपाई सहज होत नाही.

उपाययोजना

पहिली पायरी परीक्षेची. काचेवरून बोट फिरवावे. धुके पुसले गेले तर ते बाहेरचे दव आहे, प्रश्न मिटला. पुसले गेले नाही तर ते आत आहे. मग चार दिवस निरीक्षण करावे: धुके एकसारखे आहे की एका बाजूने सुरू होते, त्यात थेंब आहेत काय, ऊब मिळाल्यावर ते विरते की वाढते. धुके ज्या बाजूने सुरू होते त्या बाजूला बहुधा पाण्याची वाट असते.

दुसरी पायरी वाट शोधण्याची. काचेखालचे रबर उन्हाने कडक होऊन तडकते. मागच्या दिव्यांची रबरी बुचे सैल होतात. खुंटीभोवतीची टोपी फाटते. तारा वरून खाली उतरत थेट डब्यात जात असतील तर पाणी त्यांच्याच कडेने आत जाते; अशा तारेला डब्यात शिरण्यापूर्वी खाली झोल द्यावा, म्हणजे पाणी झोलाच्या तळाशी येऊन गळून जाते. केबलला वंगण लावताना उपकरणाकडील वरचा वीतभर भाग कोरडा ठेवावा, कारण फिरती केबल मळसूत्राप्रमाणे वंगणाला वर चढविते व ते तबकडीपर्यंत पोहोचते. बहुतेक डब्यांच्या तळाशी एक बारीक भोक असते. ते चिखलाने बुजलेले असेल तर मऊ काडीने मोकळे करावे. हे भोक दोष म्हणून राहिलेले नाही. डब्याने श्वास त्यातून घ्यावा व साचलेले पाणी त्यातून जावे यासाठीच ते ठेवलेले असते.

तिसरी पायरी वाळविण्याची. पाणी थोडे असेल तर कोरड्या दिवशी मागच्या दिव्यांची बुचे काढून गाडी काही तास उन्हात उभी करावी. वाफेला मोकळी वाट मिळाली की एका दुपारीत महिन्याचे काम होते. पाणी अधिक असेल तर बॅटरीची जोडणी सोडून, केबल व तारा कोठे होत्या याची नोंद ठेवून, उपकरण काढावे आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह दोन-तीन दिवस ठेवावे. दहा ग्रॅम कोरडे सिलिका जेल निदान एक ग्रॅम पाणी, म्हणजे वीसेक थेंब, सहज शोषून घेते. वापरलेले जेल सुमारे १२० अंशांवर तापविले की पुन्हा उपयोगी पडते. मात्र कागदी किंवा प्लास्टिकच्या पुडीतून ते आधी काढून घ्यावे. या कामासाठी तांदूळ वापरण्याची पद्धत सोडून द्यावी. तांदळात स्वतःचीच बारा-चौदा टक्के ओल असते, शिवाय त्याचे पीठ उपकरणात जाते.

चौथी पायरी वाट बुजविण्याची, आणि ती वाळविण्यापूर्वी कधीही करू नये. तडकलेले रबर बदलावे. रबरावर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात द्यावा. चिकटद्रव्य वापरणे भागच पडले तर ते वरच्या व बाजूच्या फटींना, तेही बेताने लावावे. तळाचे भोक सदैव उघडे ठेवावे. सुकताना व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन येथे वापरू नये. त्यातून ॲसेटिक आम्लाची वाफ निघते व ती तांबे, पितळ आणि पोलाद यांना गंजविते. बाजारात उदासीन प्रकारचे सिलिकॉन मिळते, ते घ्यावे.

काय करू नये

काचेभोवतीची कडी दाबून वळविलेली असते. ती पेचकसाने उचकटल्यास पुन्हा पूर्वीसारखी बसत नाही व पुढच्या पावसाला नवे दार मिळते. हे काम जाणत्या कारागिराकडेच सोपवावे. गाडी हमीच्या मुदतीत असेल तर उपकरण स्वतः न उघडता विक्रेत्याकडे न्यावे.

दाबाच्या हवेचा झोत आत मारू नये. काटा व कमान त्याने वाकतात. केस वाळविण्याचे यंत्र लांबून व मंद ठेवूनच वापरावे. गाडी धुताना दाबाच्या पाण्याचा फवारा काचेच्या कडेवर, खुंटीवर किंवा तारांच्या तोंडाशी धरू नये. पावसाच्या थेंबाला जे जमत नाही ते असा फवारा क्षणात करतो. उन्हात तापलेली गाडी लगेच गार पाण्याने धुणे तर दुहेरी घातक; त्या क्षणी डबा श्वास आत घेत असतो आणि त्याच्या तोंडाशी आपण पाणी आणून ठेवतो. भिजलेल्या गाडीवर तशीच ताडपत्री टाकू नये. तिच्याखालची हवा रात्रभर संपृक्त राहते, आणि गाडीचे संरक्षण करण्याच्या हेतूने आपण तिला दमट कोठडीत कोंडतो.

नव्या उपकरणांविषयी

अलीकडच्या गाड्यांत केबल व चुंबक जाऊन त्यांच्या जागी विद्युत् संवेदक व अंकदर्शक पडदे आले आहेत. तथापि काच, डबा आणि त्यातील हवा या तिन्ही गोष्टी कायम आहेत, म्हणून धुकेही कायम आहे. किंबहुना विद्युत् मंडलांच्या पट्टीवर ओल बसली तर तिचे सांधे गंजतात व बिघाड अचानक प्रकट होतो.

निर्मात्यांनी या प्रश्नावर काढलेला मार्ग उद्बोधक आहे. त्यांनी डबा पूर्ण बंद केला नाही. अनेक उपकरणांत व दिव्यांत एका छिद्रावर सूक्ष्म रंध्रांचे पातळ पटल बसविलेले असते. रॉबर्ट गोर याने १९६९ मध्ये ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनसारख्या पदार्थाचे ते बनवितात. त्याची रंध्रे एवढी लहान असतात की पाण्याचा थेंब त्यांतून जाऊ शकत नाही, पण हवा आणि वाफ मात्र ये-जा करतात. ज्या मालकाने हे पटल फट समजून चिकटद्रव्याने बुजविले, त्याने उपकरणाचे नाक बंद केले असे समजावे. यापुढे त्याचा डबा श्वास घेईल तो नाकाने नव्हे, तर काचेच्या कडेतील सर्वांत दुबळ्या जागेतून. आणि तेथे पाऊस असेल.

सर्व विवेचनाचे सार थोडक्यात सांगता येईल. हवेला अडविण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, पाण्याला अडविणे मात्र शक्य आहे. वरच्या बाजूने पाणी येऊ देऊ नये, खालच्या बाजूने हवा जाऊ-येऊ द्यावी, आणि आत थेंब दिसल्यास प्रथम वाळवावे व मगच बुजवावे. पातळ धुके हे ऋतूचे लक्षण आहे; थेंब हे उपकरणाच्या दुखण्याचे. या दोहोंतील भेद ज्याला ओळखता आला त्याच्या हातून उपकरणाची उपेक्षा होणार नाही, आणि अनावश्यक दुरुस्तीने त्याचे नुकसानही होणार नाही.